ती वीस मिनिटं इंजिनरूमची आहेत

प्रति,
जहाजकंपन्यांच्या किनाऱ्यावरच्या कार्यालयांतले सर्व टेक्निकल सुपरिटेंडंट



मी सेकंड इंजिनिअर होतो तेव्हाची गोष्ट. बल्क कॅरिअर, सहा सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि जहाज नऊ दिवस धक्क्याला उभं. पहाटे पायलट चढायचा होता, टग सांगून ठेवलेले होते, भरतीची वेळ ठरलेली होती. आम्ही टर्निंग गिअर लावून इंजिन सावकाश फिरवत होतो, सगळे इंडिकेटर कॉक उघडे ठेवून. तोवर ऑफिसातून चीफना दोन फोन येऊन गेले होते. तिसरा आल्यावर चीफ खाली उतरले आणि म्हणाले, "फिरवलंस ना थोडं? पुरे झालं. गिअर काढ आणि ब्रिजला स्टँडबाय दे."

माझ्याबरोबर मालवणकडचा एक मोटरमन होता, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचा. तो चार नंबरच्या युनिटपाशी टॉर्च धरून उभा होता. त्याने वरूनच हाक दिली, "साब, हंय येवा जरा."

मी गेलो. पिस्टन वर येत होता आणि कॉकच्या तोंडातून पाणी येत होतं. आधी थेंब थेंब, मग बोटाएवढी धार. चीफनी ती धार पाहिली आणि एक शब्दही न बोलता ब्रिजचा फोन उचलला.

सिलिंडर कव्हरला तडा गेला होता. जॅकेटचं पाणी रात्रभर आत झिरपत होतं. कव्हर बदलण्यात सगळा दिवस गेला, पायलट परत गेला, भरती हुकली. पण ते पाणी आत राहिलं असतं आणि आम्ही स्टार्टिंग एअर सोडली असती, तर काय झालं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. 30 बारच्या आसपासची हवा बाकीचे पिस्टन ढकलणार, चार नंबरचा पिस्टन पाण्याच्या थरावर जाऊन आदळणार, आणि पाणी काही हवेसारखं दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, कव्हरचे स्टड ताणले जातात, लायनर फुटतो. धक्क्यापासून सुटल्यावर, टगच्या दोरावर असताना हे झालं तर जहाजाकडे ना इंजिन, ना वेळ.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचा मेल आला. त्यात एकच प्रश्न होता: उशीर कशामुळे झाला, आणि त्याची किंमत किती. कॉकमधून काय आलं, कुणी पाहिलं, तो माणूस कोण, हे कुणीही विचारलं नाही. त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. नाव घेऊन उपयोगही नाही, कारण तसाच मेल मी पुढे आणखी दोन कंपन्यांत वाचला.

मी आता निवृत्त आहे, रत्नागिरीत राहतो. तुम्हाला उद्देशून लिहितोय, कारण तुमच्यातले बहुतेक माझ्यासारखेच चीफ होऊन किनाऱ्यावर आले आहेत. अंधेरी, पवई, बेलापूरच्या ऑफिसांतून तुम्ही चार-चार, पाच-पाच जहाजं सांभाळता. क्रँककेसमध्ये उतरून तुमचेही बॉयलरसूट काळे झाले आहेत. चार्टररला हे पत्र समजणार नाही. तुम्हाला प्रत्येक ओळ समजेल.

मला सांगायचं आहे ते एवढंच. मेन इंजिन सुरक्षित चालवण्यातला मोठा भाग थांबण्याचा असतो: सुरू करण्याआधी थांबायचं, वेग चढवताना थांबायचं, बंद केल्यावर थांबायचं, अलार्म आल्यावर थांबायचं. हा थांबण्याचा वेळ इंजिनरूमच्या हातात फार थोडा उरला आहे, आणि त्याची किल्ली तुमच्या टेबलावर आहे.

निघण्याआधीचंच बघा. जॅकेटचं पाणी किमान पन्नास अंशांच्या वर गरम झालेलं हवं. लुब ऑइलचा पंप आधीपासून चालू हवा. इंजिन निदान एक पूर्ण फेरी फिरवायचं, आणि त्या वेळी टर्निंग गिअरच्या मोटरचा अँपिअर बघायचा. तो नेहमीपेक्षा चढला तर आत काहीतरी अडतंय. मग गिअर काढायचा, ब्रिजला विचारून प्रॉपेलर मोकळा आहे याची खात्री करायची, आणि कॉक उघडे ठेवूनच एकदा हवेवर इंजिन फिरवून बघायचं. कुठून पाणी येतंय, कुठून इंधन येतंय, हे त्या फुंकरीत दिसतं. कॉक बंद केल्यावर पुढच्या अर्ध्या तासात इंजिन सुरू झालं नाही, तर हे पुन्हा करायचं. कागदावर हे अर्ध्या पानाचं काम आहे. नीट केलं तर तास लागतो, आणि 'तास' हा शब्द उच्चारला की फोन वाजायला लागतात.

बंदराबाहेर पडल्यावरही तेच. पायलट उतरला की ब्रिजवरून फुल अहेड सी स्पीड येतं आणि ऑफिसला ईटीए हवा असतो. पिस्टन लवकर तापतो आणि फुगतो, लायनर मागून येतो. त्या दोघांमधल्या तेलाच्या पातळ थराला जमवून घ्यायला वेळ हवा, म्हणूनच लोड-अप प्रोग्राम शेवटच्या टप्प्यात इतका सावकाश चढतो. तो बायपास करून घाईने वर गेलेली इंजिनं मी पाहिली आहेत. लायनरवर ओरखडे उठतात, पिस्टन रिंग मोडतात, ब्लो-बाय सुरू होतो, स्कॅव्हेंजमध्ये तेलकट काजळी साठते, आणि तीन आठवड्यांनी भर समुद्रात स्कॅव्हेंज फायर लागते. तेव्हा त्या आगीचं कारण कुणीही त्या पहिल्या चाळीस मिनिटांत शोधत नाही.

इंधन बदलण्याबाबतही हेच. 1 जानेवारी 2020 पासून जगभर इंधनातलं गंधक 0.50 टक्क्यांवर आलं. उत्सर्जन-नियंत्रित क्षेत्रांत ते 2015 पासूनच 0.10 टक्के आहे. म्हणजे अशा क्षेत्रात शिरण्याआधी एकशेतीस-चाळीस अंशांच्या जड तेलावरून जवळजवळ थंड डिझेलवर जायचं. तापमान मिनिटाला दोन अंशांपेक्षा जास्त वेगाने उतरवायचं नाही, नाहीतर फ्युएल पंपाचा प्लंजर बॅरलमध्ये अडकतो. हिशेब सोपा आहे, यालाही तास लागतो. जहाज क्षेत्राच्या हद्दीच्या किती आधी बदल सुरू करणार, हे ठरवताना महागड्या डिझेलचा खर्च आधी बघितला जातो आणि प्लंजर नंतर.

आता हाताबद्दल थोडं सांगतो. मॅन्यूव्हरिंग चालू असताना फोर्थ इंजिनिअरने, म्हणजे आपल्या बोलीतल्या 'चार साब'ने, प्रत्येक सिलिंडरच्या स्टार्टिंग एअर पाइपवर हात ठेवून बघायचा असतो. एखादा पाइप गरम लागला तर तिथला स्टार्टिंग व्हॉल्व्ह गळतोय आणि सिलिंडरमधला जळता वायू मागे पाइपात येतो आहे. पाइपाच्या आत कॉम्प्रेसरमधून आलेल्या तेलाचा थर असतो. पुढच्या किकला त्यावर दाबाची हवा आली की पाइपच फुटतो. त्यासाठी फ्लेम ट्रॅप आणि बर्स्टिंग डिस्क असतात, तरीही सगळ्यात आधी कळतं ते हाताला. कोकणातले आमचे आजे-पणजे कोळशाच्या जहाजांवर आगवाले आणि तेलवाले होते. क्रँक फिरत असताना बेअरिंग हाताने चाचपून ते किती तापलंय हे सांगायचे. ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. ते काम जीवघेणं होतं. पण पाइपांवर हात फिरवायला आजही चार साबाला पाच मिनिटं मोकळी लागतात, आणि मॅन्यूव्हरिंगच्या वेळी तो बहुतेकदा कंट्रोल रूममध्ये बसून तुमच्यासाठी एखादा फॉर्म भरत असतो.

क्रँककेसबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मनातली सगळ्यात मोठी भीती तिथे आहे.

11 सप्टेंबर 1947 रोजी 'रेना देल पॅसिफिको' हे प्रवासी जहाज बेलफास्टच्या गोदीत दुरुस्ती होऊन चाचणीसाठी समुद्रात निघालं होतं. एका इंजिनाचा पिस्टन तापला, आतल्या तेलाच्या वाफेने पेट घेतला, आणि चारही इंजिनांच्या क्रँककेसमध्ये स्फोट झाले. 28 माणसं गेली. इंजिनरूममध्ये त्या दिवशी चाचणी पाहायला आलेले गोदीतले लोकही होते. आज आपल्या प्रत्येक इंजिनाच्या दारांवर जे रिलीफ व्हॉल्व्ह दिसतात, आणि ऑइल मिस्ट डिटेक्टरची जी पेटी असते, त्यांच्यामागे असे मृत्यू आहेत. जो चीफ मिस्ट डिटेक्टरचा अलार्म 'सेन्सर मळला असेल' म्हणून दाबतो, त्याला या जहाजाचं नाव ठाऊक असावं असं मला वाटतं.

आत काय घडतं ते तुम्ही जाणता, तरी एकदा मांडतो. बेअरिंग किंवा क्रॉसहेड गाइड तापतं. त्यावर पडलेलं तेल वाफ होतं, थंड भागात जाऊन पुन्हा बारीक तुषारांत बदलतं, आणि पांढरं धुकं तयार होतं. लिटरभर हवेत साधारण पन्नास मिलिग्रॅम धुकं झालं की ठिणगी पुरते; म्हणून डिटेक्टर त्याच्या खूप आधी, अडीच मिलिग्रॅमच्या आसपास ओरडतो. पहिला स्फोट अनेकदा लहान असतो. पण त्याने आत निर्वात होतं, कुठलंही दार किंवा व्हॉल्व्ह उघडं राहिलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि दुसरा स्फोट माणसं मारतो.

म्हणून नियम असा: अलार्म आला की दारांपासून दूर व्हायचं, वेग खाली आणायचा, ब्रिजची परवानगी घेऊन इंजिन थांबवायचं, ब्लोअर बंद करायचे, माणसांना बाहेर काढायचं, आणि थांबल्यावर निदान वीस मिनिटं क्रँककेसचं दार उघडायचं नाही. दार उघडणं म्हणजे दुसऱ्या स्फोटाला हवा देणं.

ती वीस मिनिटं इंजिनरूममधली सगळ्यात लांब वीस मिनिटं असतात. मी ती एकदा अनुभवली आहे. जहाज वाहत होतं, कॅप्टन फोनवर होते, कॅप्टनच्या दुसऱ्या फोनवर ऑफिस होतं. "काय तापलंय ते बघितलं का?" असं कॅप्टन सतत विचारत होते. वर स्टोअरच्या दारापाशी आम्ही सातजण उभे होतो, त्यात एक कॅडेट, जहाजावर येऊन महिना झालेला. त्याने मला विचारलं, "सर, दार कधी उघडायचं?" मी घड्याळ त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तू सांग." त्याने मला एकविसाव्या मिनिटाला सांगितलं. दोन नंबरचं क्रॉसहेड बेअरिंग तापलं होतं, व्हाइट मेटल पुसलं गेलं होतं. आम्ही सातही जण त्या दिवशी जेवलो.

थांबण्याबद्दल मी एवढं बोलतो आहे, तर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कधीकधी थांबताच येत नाही. खडक समोर असेल, जहाज किनाऱ्यावर जात असेल, तर इंजिन गमावून जहाज वाचवायचं असतं आणि त्यासाठी स्लो-डाउनचा ओव्हरराइड दाबायचा असतो. पण तो निर्णय तिथल्या कॅप्टनचा आणि चीफचा. तो मुंबईहून फोनवर घेता येत नाही. घाईची सवय असलेलं जहाज अशा खऱ्या संकटाच्या क्षणी आधीच थकलेलं असतं, अर्ध्यावर सोडलेल्या कामांसकट.

याचे दाखले ताजे आहेत. 23 मार्च 2019 रोजी नॉर्वेच्या हुस्टाडविकामध्ये 'व्हायकिंग स्काय' या जहाजाची सगळी वीज वादळात गेली. जहाजावर 1,373 माणसं होती. इंजिनांच्या संपमधल्या लुब ऑइलची पातळी कमी होती. समुद्र उसळल्यावर तेल हेलकावलं, पंपांना तेल मिळेना, आणि इंजिनं आपोआप बंद पडली. जहाज खडकांपासून थोडक्यात बचावलं आणि शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. शांत पाण्यात चालणारी पातळी वादळात पुरत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. संप वेळेवर भरून घ्यायला मात्र कुणीतरी तेलाची ऑर्डर मंजूर करावी लागते. ती ऑर्डर तुमच्याकडे येते.

26 मार्च 2024 ची बाल्टिमोरची रात्र तर आपल्या घरातली. 'डाली' या जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. जहाज पुलाकडे जात असताना वीज गेली. वीज गेली म्हणजे पंप गेले, आणि पंप गेले की 40,000 किलोवॉटहून मोठं मेन इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी थांबतं. इमर्जन्सी जनरेटर दिवे आणि रडर चालवतो, मेन इंजिन चालवत नाही. जहाज पुलाला धडकलं, पूल कोसळला आणि त्यावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार गेले. अमेरिकेच्या तपासयंत्रणेला मूळ कारण सापडलं ते एका वायरीत: तिच्यावरच्या लेबलामुळे ती टर्मिनलमध्ये पूर्ण बसली नव्हती. पण मला त्या अहवालातली दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करते. जनरेटरला इंधन पुरवायला फ्लशिंग पंप वापरला जात होता. तो पंप वीज गेल्यावर आपोआप पुन्हा सुरू होत नाही. दुसऱ्यांदा वीज गेली ती त्यामुळे. जहाजांवर अशा सोयीच्या वाटा पडतात. पहिल्यांदा त्या तात्पुरत्या असतात. चार महिन्यांनी नवी टीम चढते आणि तिला ती रीतच वाटते.

तुमची पुढची भेट होईल तेव्हा चीफला विचारा: या जहाजावर अशी कुठली वाट पडली आहे? विचारताना हातात पेन धरू नका. तो सांगेल.

आता झोपेबद्दल. चोवीस तासांत किमान दहा तास, आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती, असं कायदा सांगतो. एका आठवड्यात तीन बंदरं करणाऱ्या जहाजाचा सेकंड इंजिनिअर हे आकडे कसे पाळतो, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. रेकॉर्डमध्ये ते पाळलेले असतात. ज्या माणसाने चार तास झोप घेऊन इंडिकेटर कॉकवर टॉर्च धरला आहे, त्याच्या डोळ्यांवर पाण्याचा पहिला थेंब दिसण्याची जबाबदारी टाकणं अन्याय आहे. जहाजावर एक माणूस जास्त द्या, किंवा बंदरातली दोन कामं कमी करा. तिसरा उपाय मला तरी ठाऊक नाही.

तुमच्यावरही वरून दबाव असतो, हे मी विसरलेलो नाही. जहाज ऑफ-हायर गेलं की आकडा तुमच्या नावावर पडतो. माझे काही मित्र तुमच्या खुर्चीवर बसले आणि दोन वर्षांत त्यांची तब्येत बिघडली. त्यांना दोष देण्यासाठी मी लिहीत नाही. पण चार्टररशी बोलणारा मधला माणूस तुम्हीच आहात. निघण्याच्या वेळापत्रकात 'इंजिन तयारी, एक तास' अशी वेगळी ओळ घालायला तुम्ही सांगू शकता. आज ती ओळ पायलटच्या वेळेतच गिळली जाते. आयएसएम कोड कॅप्टनला सुरक्षेच्या बाबतीत अंतिम अधिकार देतो. तशीच एक ओळ तुमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये चीफसाठी लिहून घ्या, की तयारी पूर्ण झाली हे तो म्हणेपर्यंत इंजिन स्टँडबायवर जाणार नाही, आणि त्यासाठी त्याच्याकडून खुलासा मागितला जाणार नाही. तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं तिसऱ्या फोनपर्यंत टिकत नाही, हे मी त्या पहाटे पाहिलं आहे.

आणि स्टार्टिंग एअर व्हॉल्व्हची ओव्हरहॉल, मिस्ट डिटेक्टरचे सुटे भाग, फ्युएल पाइपांवरचं आवरण ही कामं 'पुढच्या बंदरात बघू' या रकान्यातून बाहेर काढा. इंजिनरूममध्ये गरम पृष्ठभागावर इंधनाचा फवारा उडाला की आग लागते. दोनशेवीस अंशांपेक्षा गरम सगळं झाकायचं असतं. एक्झॉस्टवरचं आवरण निघालेलं असेल तर त्या जागेचा फोटो चीफ तुम्हाला पाठवतोच, बहुतेकदा दोन-तीनदा.

त्या मालवणी मोटरमनबद्दल एक राहिलं. कव्हर बदलून झाल्यावर संध्याकाळी तो पुन्हा चार नंबरपाशी गेला, कॉक उघडला, आम्ही इंजिन फिरवलं. तो पूर्ण दोन फेऱ्या तिथे वाकून उभा राहिला. मग त्याने कॉकच्या तोंडावर कोरडा कपडा धरला, तो माझ्यापुढे केला. कपडा कोरडा होता, कडेला थोडं सिलिंडर ऑइल. "आता देवा स्टँडबाय," तो म्हणाला.

पुढच्या वेळी तुमच्या जहाजाला निघायला उशीर झाला आणि पहाटे चीफचा फोन आला, तर किती वेळ लागणार हे नंतर विचारा. आधी विचारा, कॉकमधून काय आलं.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर
रत्नागिरी